डिग्री नसताना आयटीत शिरायचं कसं आणि पगार वाढवत न्यायचा कसा

सगळ्यात आधी एक करा, मोठ्या सर्व्हिस कंपन्यांच्या करिअर पोर्टलवर रोज रात्री फॉर्म भरत बसायचा नाद सोडा. फ्रेशर म्हणून तिथे दहावी, बारावी, डिग्री तिन्हीकडे ६० टक्के, बॅकलॉग नको, गॅप नको असली चाळणी असते आणि ती चाळणी कोणी माणूस लावत नाही, फॉर्मच लावतो. हायेस्ट क्वालिफिकेशनला बारावी टाकलं की तुमचा रेझ्युमे कोणी उघडतसुद्धा नाही. मी सहा महिने घालवलेत यात. एकही रिप्लाय नाही, रिजेक्शनचा मेलसुद्धा नाही.

मी २००९ ला इंजिनीअरिंग करायला पुण्यात आलो. एफईचा, म्हणजे पहिल्या वर्षाचा एम-टू (गणिताचा दुसरा पेपर) काही केल्या सुटेना, आणि एफई क्लिअर नसेल तर टीईला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला जाता येत नाही, त्यामुळे वायडी लागला, म्हणजे वर्ष वाया, मग घरून पैसे मागायची लाज वाटायला लागली आणि २०११ ला सोडून दिलं. म्हणजे कागदावर मी आजही बारावी पासच आहे. पहिला पगार महिना ६,५०० होता आणि त्यातनंच गाडीचं पेट्रोल. आज २१ लाखांचं पॅकेज आहे. हे फुशारकी म्हणून सांगत नाहीये, मधल्या पायऱ्या सांगायच्यात म्हणून दोन्ही टोकं आधीच सांगून टाकली. आणि मधे बऱ्याच ठिकाणी आपटलोय, तेही येईलच पुढे.

आत शिरायचं कुठून

डिग्री न विचारणारी दारं आहेत, फक्त ती मागच्या बाजूला आहेत. पहिलं म्हणजे डेस्कटॉप किंवा फिल्ड सपोर्ट. बँका, हॉस्पिटलं, कारखाने, यांचे कॉम्प्युटर, प्रिंटर, नेटवर्क बघायचं काम व्हेंडरला, म्हणजे बाहेरच्या ठेकेदार कंपनीला दिलेलं असतं आणि व्हेंडरला पोरं लागतात, बारावी, आयटीआयचं कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स), डिप्लोमा अर्धवट, काहीही चालतं, टू व्हीलर आहे का एवढं मात्र नक्की विचारतात. मी इथूनच आलो. एका बँकेच्या शाखा फिरायचो, प्रिंटरचा कागद अडकला तरी मला फोन यायचा. पण २०१४ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा सपोर्ट बंद केला, त्याच्या बऱ्याच आधीपासून सगळीकडे एक्सपी काढून सेव्हन टाकायची घाई होती, आणि त्या घाईत हात एवढा बसला की पुढच्या इंटरव्ह्यूला बोलायला खरोखर काहीतरी होतं.

दुसरं दार सर्व्हिस डेस्क, म्हणजे फोनवर नाहीतर चॅटवर युजरचा प्रॉब्लेम ऐकून तिकीट (तक्रारीची नोंद) काढणं, पासवर्ड, आउटलुक, व्हीपीएन. इथे डिग्रीपेक्षा इंग्लिश बघतात. मराठी मीडियमचे असाल तर घाबरू नका, एका शिफ्टमध्ये तेच पंधरा-वीस प्रश्न फिरून फिरून येतात, त्यांची वाक्यं पाठ होतात, व्याकरण नंतर सुधारतं. तिसरं, नॉक म्हणजे सर्व्हर-नेटवर्कचं मॉनिटरिंग, स्क्रीनकडे बघत बसायचं आणि लाल दिवा लागला की कोणालातरी उठवायचं, नाइट शिफ्ट असते म्हणून डिग्रीवाले टाळतात, म्हणून आपल्याला मिळतं. चौथं, मॅन्युअल टेस्टिंग आणि छोट्या वेब एजन्स्या, दहा-पंधरा माणसांच्या, जिथे मालक स्वतः इंटरव्ह्यू घेतो आणि साईट करून दाखव म्हणतो. डेव्हलपर व्हायचं असेल तर इथूनच सुरू करा, पण रेझ्युमेत टू-डू लिस्टचं ॲप टाकू नका, ते सगळ्यांकडे असतं. गावातल्या दूध डेअरीचं, जिमचं, काकांच्या दुकानाच्या उधारीचं, कोणीतरी खरोखर वापरतंय असं काहीतरी करून दाखवा.

बारावी आत्ताच झाली असेल तर अजून दोन गोष्टी बघून ठेवा. एचसीएलचा टेकबी प्रोग्रॅम बारावीच्या मुलांसाठीच आहे (गणित लागतं), आणि झोहोची स्वतःची शाळा आहे, तिथे बारावी आणि डिप्लोमावाल्या मुलांना घेऊन स्टायपेंड देऊन शिकवतात. फी किती, बॉन्ड किती, मधेच सोडलं तर काय, हे सही करायच्या आधी वाचा, वडिलांनाही वाचायला द्या. एमएस-सीआयटीचं विचाराल तर सरकारी भरतीला ते सर्टिफिकेट मागतात, हिंजवडीच्या आयटी पार्कात ते कोणी विचारत नाही.

आणि डेटा एंट्री म्हणजे आयटी नव्हे. ऑफिस आयटी पार्कमध्ये असतं, गळ्यात आयडी कार्ड असतं, पण चार वर्षांनी तुम्ही तिथेच असता.

पगार अडकतो कुठे

हे मला कळायला चार वर्षं लागली आणि हे कळलं असतं तर मी दोन वर्षं आधी हललो असतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सपोर्टमध्ये एल-वन, एल-टू, एल-थ्री असे थर असतात. एल-वन म्हणजे लिहून दिलेल्या पायऱ्यांप्रमाणे तिकीट सोडवणारा, एसओपीत जे आहे ते करायचं, नाही जमलं तर वर ढकलायचं. एल-टू म्हणजे असं का झालं हे शोधणारा. एल-थ्री म्हणजे परत होऊ नये म्हणून सिस्टीमच बदलणारा. आता कंपनी क्लायंटला या माणसांचं बिल लावते आणि ते बिल थराप्रमाणे काँट्रॅक्टमध्ये आधीच ठरलेलं असतं. म्हणजे तुम्ही एल-वनला दिवसाला २० तिकिटं मारा नाहीतर ६० मारा, क्लायंटकडून तुमच्या खुर्चीचे तेवढेच पैसे येतात, मग मॅनेजरला कितीही वाटलं तरी तो तुम्हाला देणार कुठून. मला दर अप्रेजलला "यू आर अ रॉकस्टार" ऐकायला मिळायचं आणि ८०० रुपये वाढायचे. मला वाटायचं मॅनेजर खोटं बोलतोय. तो खरं बोलत होता, त्याच्या हातात काही नव्हतं एवढंच.

म्हणून पगार वाढवायचा म्हणजे थर बदलायचा, आणि बहुतेक वेळा थर बदलायला कंपनी बदलावी लागते, कारण जिथे तुम्ही एल-वन म्हणून आलात तिथे सगळ्यांच्या डोक्यात तुम्ही एल-वनच राहता, त्यातून थर्ड पार्टी पेरोलवर (पगार मधली दुसरीच कंपनी देते) असाल तर तुमच्या बढतीची कोणाला काही पडलेलीच नसते. माझा हिशोब बघा. २०११ ला महिना ६,५००, २०१३ ला सर्व्हिस डेस्कला महिना ११,०००, २०१५ ला नॉकमध्ये वर्षाला २.४ लाख, २०१७ ला लिनक्स (सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टीम) एल-टू ४.२ लाख, २०१९ ला ७.५, २०२१ ला क्लाउड (भाड्याचे सर्व्हर) आणि डेव्हऑप्सला (सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवायचं काम ऑटोमॅटिक करणं) १५, २०२४ ला २१. प्रत्येक उडी कंपनी बदलूनच आहे आणि जवळजवळ प्रत्येक उडीत कामाचा प्रकारही बदललाय. २०१९ ते २०२१ मी एका जागी राहिलो त्या दोन अप्रेजलमध्ये मिळून ७.५ चे ८.६ झाले होते. २०२१ ची उडी जरा नशिबाची, तेव्हा सगळीकडेच भरती पिसाटली होती, माणसं एक ऑफर दाखवून दुसरी घ्यायची. त्या वर्षावरून अंदाज बांधू नका, २०२३ ला तेच लोक कॉलची वाट बघत बसलेले मी पाहिलेत.

पण सुरुवातीला दीड-दोन वर्षं तरी एका ठिकाणी टिका. सहा-सहा महिन्याला बदललं तर डिग्रीही नाही आणि स्टेबिलिटीही नाही असं होतं आणि मग तुमच्याकडे सांगायला उरत काही नाही.

वही

डिग्रीवाल्याकडे एक कागद असतो, त्यावर समोरचा विश्वास ठेवतो. आपल्याकडे तो कागद नाही म्हणजे दुसरा कुठला तरी पुरावा हवा, आणि तो रोज थोडा थोडा जमा करावा लागतो. मी हे वहीत करायचो, दोनशे पानी, चौकोनी रेघांची. रोज शिफ्ट संपली की एक तिकीट लिहायचं, सगळी नाही, एकच, जे नवीन होतं ते. काय झालं होतं, आधी मी काय समजलो, खरं काय निघालं, कुठल्या कमांडने सापडलं.

एक उदाहरण सांगतो म्हणजे काय लिहायचं ते कळेल. नॉकमध्ये असताना रात्री अडीचला अलर्ट आला, एका सर्व्हरची डिस्क १०० टक्के भरली. एसओपीत लिहिलेलं, जुने लॉग (सर्व्हरच्या नोंदींच्या फायली) डिलीट करा. मी ४० जीबीची एक लॉग फाईल उडवली आणि खुशीत, डिस्क किती भरली ते दाखवणारी डीएफ कमांड मारली तर अजून १०० टक्केच. डीयू, म्हणजे फोल्डरमधल्या फायली मोजणारी कमांड मारून बघितलं तर फोल्डर रिकामे दिसतायत. दोन कमांड दोन वेगळ्या गोष्टी सांगतायत, मला घाम फुटला, वाटलं काहीतरी भलतंच उडवलं. ऑन-कॉलला कोल्हापूरचा एक एल-टू दादा होता, त्याला उठवलं, तो झोपेतच म्हणाला, "अरे फाईलचं नाव गेलं रे, फाईल नाही गेली, ॲप्लिकेशनने धरून ठेवलीय ती, एलएसओएफ मार आणि डिलीटेड लिहिलेलं शोध." एलएसओएफ म्हणजे उघड्या फायली दाखवणारी कमांड, तिच्यात सापडली. ती सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि ४० जीबी एका सेकंदात मोकळी. तात्पर्य असं की प्रोसेसने फाईल उघडी धरलेली असेल तर ती प्रोसेस फाईल सोडेपर्यंत लिनक्स ती जागा परत देत नाही, आणि डीयूला ती दिसत नाही कारण डीयू नावं बघत फिरतो. हे त्या रात्री वहीत लिहिलं. पुढच्या दोन वर्षांत दोन वेगळ्या इंटरव्ह्यूंमध्ये हाच प्रश्न आला, आणि मी व्याख्या नाही सांगितली, रात्री अडीचपासून गोष्ट सांगितली. दोन्हीकडे मग डिग्रीचा विषय निघाला तो शेवटच्या पाच मिनिटांत, नुसता फॉर्म भरायला.

फक्त एक सांभाळा, वहीत क्लायंटचं नाव, आयपी, पासवर्ड, स्क्रीनशॉट असलं काही नको. प्रॉब्लेम लिहा, कोणाचा होता ते नको.

वही भरली की तिचे आकडे रेझ्युमेत घाला. "रिस्पॉन्सिबल फॉर सर्व्हर मॉनिटरिंग" हे वाक्य सगळ्यांचं असतं. त्याऐवजी किती सर्व्हर होते, रोज किती अलर्ट, तुम्ही काय बदललं. आमच्याकडे रोज सकाळी बॅकअप झाले का हे एकेका सर्व्हरवर लॉगिन करून बघायचे, दोन तास जायचे, मी नेटवर बघून बघून एक बॅश स्क्रिप्ट (ओळीने कमांड चालवणारी फाईल) लिहिली, ती पाच मिनिटांत लिस्ट काढून द्यायची. वेडीवाकडी स्क्रिप्ट होती, आज बघितली की लाज वाटते. पण ४.२ वर पोचलो ते त्या एका ओळीमुळे असं मला वाटतं, कारण इंटरव्ह्यू घेणारा अर्धा तास फक्त तिच्याबद्दलच विचारत होता.

आता तर हे जास्तच गरजेचं झालंय कारण एल-वनचं काम मशीनकडे चाललंय. पासवर्ड युजर स्वतः पोर्टलवर रीसेट करतो, साधी तिकिटं बॉट बंद करतो. म्हणजे आत शिरायची पायरी अरुंद होतेय आणि तिच्यावर जास्त वेळ उभं राहणंही धोक्याचं.

सर्टिफिकेट, कुठलं आणि कधी

क्लासवाला सांगेल चार एकदम करा. एकच करा आणि ते तुम्ही आत्ता ज्या थरात आहात त्याच्या बरोब्बर एक थर वरचं करा. सर्व्हिस डेस्कला असाल आणि नेटवर्क आवडत असेल तर सिस्कोचं सीसीएनए, त्याला कसलीही पात्रतेची अट नाही, परीक्षेची फी ३०० डॉलर आहे म्हणजे टॅक्स धरून एका पगाराला चांगलं भोक पडतं, तेव्हा तयारी झाल्याशिवाय तारीख घेऊ नका. सर्व्हरकडे जायचं असेल तर रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीचं आरएचसीएसए. क्लाउडसाठी ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसचं असोसिएट लेव्हलचं, ते १५० डॉलरचं. तिन्ही तीन-तीन वर्षंच चालतात, नंतर रिन्यू करावी लागतात.

मला विचाराल तर डिग्री नसणाऱ्याला आरएचसीएसएचा उपयोग जास्त. कारण त्यात चारपैकी एक पर्याय निवडा असलं काही नाही, समोर मशीन देतात आणि कामं करून दाखवायची, ३०० पैकी २१० ला पास. घोकून होत नाही हे इंटरव्ह्यू घेणाऱ्यालाही माहीत असतं. मी पहिल्यांदा नापास झालो. सगळी कामं केली होती, पण एफएसटॅब फाईलमध्ये (मशीन सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या ते हिच्यात असतं) एक ओळ चुकली आणि रीबूट केल्यावर मशीन उठलंच नाही, आणि तिथे रीबूटनंतर जे टिकतं त्यालाच मार्क. पैसे गेले, पण तेव्हापासून एफएसटॅब बदलला की रीबूट करायच्या आधी माउंट करून बघतो, आजपर्यंत ही सवय आहे.

प्रॅक्टिसला नवीन लॅपटॉप लागत नाही. ८ जीबी रॅमचा जुना घ्या, व्हर्च्युअलबॉक्स टाका, त्यात दोन लिनक्स मशीन चढवा, एकमेकांशी बोलायला लावा, मग मोडा, मग दुरुस्त करा. क्लाउडवर फुकट क्रेडिट मिळतं त्यावरही शिकता येतं, पण अकाउंट उघडल्या उघडल्या पहिलं काम म्हणजे बजेट अलर्ट लावणं. मी एक मशीन चालू ठेवून गणपतीला गावाला गेलो होतो. परत आल्यावर बिल बघून आठवडाभर मेसचाच डबा खाल्ला.

मोठ्या फीचे "१०० टक्के जॉब गॅरंटी" क्लास मी कोणालाच सुचवत नाही. शिकवतात बरं काही ठिकाणी, नाही असं नाही, पण गॅरंटी म्हणजे काय ते लेखी मागा, आणि मग चेहरे बघा.

पॅकेजचे आकडे वाचायला शिका

ऑफर लेटरवर ६ लाख लिहिलंय म्हणून महिन्याला ५० हजार येणार असं घरी सांगू नका. मी सांगितलं होतं. हिशोब असा करा. समजा सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ६,००,००० आणि त्यात १० टक्के व्हेरिएबल, म्हणजे ६०,००० बाजूला, ते वर्षाच्या शेवटी मिळाले तर मिळाले. बेसिक निम्मं धरलं तर ३,००,०००. त्याच्या १२ टक्के कंपनीचा पीएफ, ३६,०००, तोही सीटीसीतच धरलेला. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे १४,४३०, तीही आत. उरले ४,८९,५७०. यातनं परत तुमचा पीएफ ३६,००० आणि महाराष्ट्राचा प्रोफेशनल टॅक्स वर्षाला २,५०० (दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००) कापला की राहिले ४,५१,०७०, म्हणजे महिना साधारण साडेसदतीस हजार. इन्शुरन्सचा प्रीमियम सीटीसीत घातला असेल तर अजून कमी. काही कंपन्या पीएफ १५,००० रुपयांवरच कापतात म्हणजे महिना १,८००, तिथे हातात जास्त येतात. म्हणून दोन ऑफर असतील तर सीटीसीशी सीटीसी लावून बघू नका, फिक्स्ड किती आणि इनहँड किती हे एचआरला सरळ विचारा, ब्रेकअप मेलवर मागवा.

मग घासाघीस. आपल्यासारख्यांना सगळ्यात जास्त मारतो तो प्रश्न म्हणजे "करंट सीटीसी किती?" कारण सुरुवात खालून झालेली असते आणि हाईक टक्क्यांत देतात. २.४ लाखांवर ३० टक्के म्हणजे ७२ हजार वाढ, त्याच कामाला आलेल्या डिग्रीवाल्याला ५ वर ३० टक्के म्हणजे दीड लाख. टक्के तेच. मी नंतर नंतर त्या प्रश्नावर एवढंच म्हणायला लागलो, "मॅडम, या रोलचं बजेट काय आहे ते सांगितलंत तर बरं होईल, मी आत्ता वेगळ्या प्रकारच्या कामावर आहे त्यामुळे करंटशी तुलना होणार नाही." दहातल्या चार-पाच सांगतात. बाकीच्या अडून बसतात, मग खरा आकडा सांगा. करंट सीटीसी खोटं सांगू नका, पुढे तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागतात तेव्हा तोंडावर पडायला होतं.

नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर तो पण एक घोळ असतो. बरेच रिक्रूटर ९० दिवस ऐकून फोन ठेवतात, इमिजिएट जॉइनर हवा असतो. त्यामुळे लोक एक बरी ऑफर हातात आली की राजीनामा टाकतात आणि उरलेल्या नोटीसमध्ये दुसरी चांगली शोधतात. मीही केलंय २०२१ ला. पण पहिली ऑफर लेखी हातात नसताना, नुसतं "सिलेक्ट झालाय, लेटर येईल" या फोनवर राजीनामा टाकू नका, ते लेटर कधीकधी येतच नाही. काउंटर ऑफर आली, की राहा, आम्ही देतो, तर एकच विचारा, थर बदलताय का? फक्त पैसे वाढवत असतील तर सहा महिन्यांत परत तिथेच.

रेफरलबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. डिग्रीची चाळणी चुकवायचा मला सापडलेला एकच खात्रीचा रस्ता म्हणजे आतल्या माणसाने तुमचा रेझ्युमे थेट मॅनेजरच्या मेलवर पाठवणं. तो कोल्हापूरचा दादा आठवतो ना, २०१९ ची नोकरी त्याच्याकडूनच. जुन्या टीमशी नातं ठेवा, नुसतं दिवाळीच्या शुभेच्छा फॉरवर्ड करून नाही, कोणी अडलं तर रात्री फोन उचला.

खोट्या एक्सपिरिअन्सचं दुकान

तुम्हाला कोणीतरी भेटणारच, पुण्यात तर हमखास. "तीन वर्षांचं एक्सपिरिअन्स लेटर देतो, सॅलरी स्लिप देतो, पीएफ पण दाखवतो, अमुक इतके पैसे." २०१४ ला मला एका कन्सल्टन्सीने अशीच ऑफर दिली होती, मी दोन दिवस विचार केला हे खोटं बोलत नाही. माझ्या रूमवरच्या एकाने घेतलं. लागला नोकरीला, माझ्या दुप्पट पगार. पाचव्या महिन्यात बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा रिपोर्ट आला आणि दुपारी लॅपटॉप जमा करून घरी. आता तर पकडणं अजून सोपं झालंय, २०१४ पासून पीएफला यूएएन नंबर आला, तुम्ही कुठल्या कंपनीत कधी लागलात कधी सोडलंत सगळं एका नंबरखाली दिसतं, आणि टीडीएस कापला असेल तर तो इन्कम टॅक्सच्या नोंदीत दिसतो. रेझ्युमेत डिग्री "अपिअरिंग" किंवा "पर्सूइंग" असं खोटं टाकणं हेही त्यातलंच, युनिव्हर्सिटीला विचारून खात्री करतात. मी सरळ लिहितो, बारावी, आणि खाली इंजिनीअरिंग दोन वर्षं, अपूर्ण. विचारलं तर सांगतो एम-टू सुटला नाही. बहुतेक वेळा समोरचा हसतो, एकाने तर त्याचा पण तिसऱ्या झटक्यात सुटला होता असं सांगितलं.

नोकरी लावायचे पैसे मागणारा कोणीही असो, उठून या. ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेणाऱ्याकडूनही उठून या.

मग डिग्री करायचीच नाही का

करा. हे माझ्या तोंडून विचित्र वाटेल. पण चार-पाच वर्षांच्या अनुभवानंतर काम येत नाही म्हणून कोणी अडवत नाही आणि कागद नाही म्हणून मात्र अडवतात, विशेषतः परदेशी कंपन्यांच्या स्वतःच्या ऑफिसात, ज्यांना कॅप्टिव्ह म्हणतात तिथे, आणि मॅनेजरच्या पोस्टला. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूतून नोकरी करत करत बीसीए, बीकॉम, काहीही होतं. मी मुक्तला दोनदा फी भरली आणि दोन्ही वेळा परीक्षेच्या आठवड्यात प्रॉडक्शन रिलीज आलं. पंचविशीच्या आत असाल तर आत्ताच टाका, लग्न झाल्यावर, पोरं झाल्यावर अभ्यास होत नाही, मी ट्राय करून बघितलंय.

बाहेर जायचं असेल तर डिग्रीचा प्रश्न अजून वेगळा. अमेरिकेच्या एच-वन-बी वर्क व्हिसाला डिग्री किंवा तिच्या बरोबरीचं काहीतरी लागतं, आणि बरोबरी लावताना तीन वर्षांचा अनुभव म्हणजे कॉलेजचं एक वर्ष असा हिशोब धरतात, म्हणजे कॉलेज अजिबात नसेल तर चार वर्षांच्या डिग्रीला बारा वर्षं. जर्मनीने मात्र २०२३ च्या नोव्हेंबरपासून आयटीवाल्यांना डिग्रीशिवाय ब्लू कार्ड (तिथे राहून नोकरी करायचा परवाना) द्यायला सुरुवात केलीय, मागच्या सात वर्षांत तीन वर्षांचा त्याच प्रकारच्या कामाचा अनुभव, त्यांची पगाराची अट बसणारी नोकरीची ऑफर, आणि तो अनुभव पदवीच्या लेव्हलचा आहे हे दाखवावं लागतं. म्हणजे परत पुरावाच. त्यामुळे नोकरी सोडताना नुसतं रिलीव्हिंग लेटर घेऊन येऊ नका, तुम्ही नक्की काय काम करत होता हे लिहिलेलं पत्र मॅनेजरकडून मागा, तो आहे तोवर मागा, सहा महिन्यांनी तो पण गेलेला असतो. आणि नोकरी बदलली की गाडी घ्यायला पीएफ काढून घेऊ नका, ट्रान्सफर करा, पासबुकची पीडीएफ दरवर्षी डाउनलोड करून ठेवा.

मी गेल्या वर्षी माझे सगळे कागद एका फोल्डरमध्ये लावायला बसलो तेव्हा कळलं की पहिल्या व्हेंडरचं एकही पत्र माझ्याकडे नाही. कंपनी बंद पडलीय, नंबर लागत नाही, आणि पीएफ तर त्याने कधी कापलाच नव्हता. ६,५०० ची ती दोन वर्षं, सगळ्या शाखा फिरून एक्सपी काढून सेव्हन टाकलेली, कागदावर नाहीतच. जर्मनीवाले शेवटची सातच वर्षं मोजतात म्हणून बरंय.